टबावर झुंबर आणि खोलीत सीलिंग फॅन, चालेल का? (न्यू जर्सी)

रुचा_एनजे: मास्टर बाथरूमचं काम काढलंय. खोली १० बाय ८ फूट, छत ९ फूट. ८ फुटी भिंतीला लागून ३२ इंच रुंद टब, त्याची कड जमिनीपासून २२ इंच. टबाच्या बरोब्बर वर छोटं झुंबर आणि उरलेल्या भागात ५२ इंची पंखा लावायचाय. इन्स्पेक्शन पास होईल? दिवे-पंखे मिळून बजेट ४०० डॉलर.

तारतंत्री: टबावरचं झुंबर विसरा. एनईसी (अमेरिकेचा वायरिंग कोड) ४१०.१०(डी): टबाच्या कडेपासून आडवं ३ फूट आणि कडेच्या वर ८ फूट, एवढ्या जागेत साखळीचं किंवा वायरवर लोंबणारं झुंबर, पेंडंट, ट्रॅक लाइट, पात्यांचा पंखा यांचा कुठलाही भाग येता कामा नये. टबाच्या डोक्यावरची जागाही यातच आली. तुमच्या कडेपासून छतच ८६ इंचांवर आहे, लागतात ९६. झुंबर कितीही बुटकं घ्या, बसत नाही.

डॅलसवाली_नीता: आमच्या बाथरूममध्ये ६०० डॉलरचा फॅन आहे, मस्त चालतो. स्वस्तातलं घेऊच नका.

तारतंत्री: नीताताई, किंमत नाही, अंतर मोजतात. तेही पात्याच्या टोकापासून. ५२ इंची पंख्याचे निम्मे २६, वर नियमाचे ३६, म्हणजे पंख्याचा मध्य कडेपासून ६२ इंचांवर. खोलीच्या १२० इंचांमधून टबाचे ३२ आणि हे ६२ गेले, उरले २६. पातं समोरच्या भिंतीला घासणार! ३६ इंची पंखा बसेल, पण छतातला बॉक्स फॅन-रेटेड (पंखा पेलणारा) हवा. दिव्याचा साधा बॉक्स थरथरीने ढिला होतो.

पुणेरी_फेज: ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टाका आणि काय टांगायचं ते टांगा. झोन १, झोन २ (टबापासूनच्या अंतराचे पट्टे) बघितलं की झालं.

अण्णा_ओहायो: साहेब, ते झोन आयईसीचे (आंतरराष्ट्रीय मानक), अमेरिकेतले नाहीत. इथं जीएफसीआय (आरसीसीबीसारखंच गळती पकडणारं उपकरण) लावला म्हणून ३ फुटांत सूट मिळत नाही. टबावर छताला चिकटलेला किंवा रिसेस्ड (छताच्या आत बसणारा) दिवा घ्या. शॉवरचा फवारा पोचत असेल तर लेबलवर 'वेट लोकेशन' (ओली जागा) हवं, नाहीतर 'डॅम्प' (दमट जागा) पुरे. वर अ‍ॅटिकचं (माळ्याचं) इन्सुलेशन असेल तर रिसेस्ड दिवा आयसी-रेटेडच (इन्सुलेशनला टेकला तरी चालणारा).

खरी गरज एक्झॉस्टची आहे. ८० चौरस फुटांना किमान ८० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) धरा. टबावर बसवणार असाल तर मॅन्युअलमध्ये तशी परवानगी बघा. बहुतेक ठिकाणी जीएफसीआयच्या लोड बाजूने, म्हणजे त्याच्या संरक्षणाखाली, सप्लाय मागतात. डक्ट थेट घराबाहेर, अ‍ॅटिकमध्ये सोडायचा नाही. फ्लेक्स डक्टला झोळ पडला की थंडीत वाफेचं पाणी तिथं साचतं आणि पंख्यातून टबात ठिबकतं. इन्सुलेटेड डक्ट, बाहेरच्या बाजूला किंचित उतार.

डॅलसवाली_नीता: इन्स्पेक्टर काय टेप घेऊन येतो का?

तारतंत्री: येतो. आणि रुचा, प्लगच्या २० अँप सर्किटवरून एक्झॉस्ट घेतलात तर ते सर्किट त्या एकाच बाथरूमपुरतं ठेवावं लागेल. दुसऱ्या बाथरूमचे प्लग त्यावर असतील तर दिवे-पंख्याला वेगळी लाइन ओढा.

मोरू_मिशिगन: झुंबर टबावर चालत नाही, ३ फुटांचा नियम आहे. रिसेस्ड घ्या.

अण्णा_ओहायो: वर तेच लिहिलंय, मोरूभाऊ.

रुचा_एनजे: ठरलं. पंखा रद्द, रिसेस्ड पण नको. झुंबर घेणारच! १६ इंची, डॅम्प-रेटेड, मध्य कडेपासून ४८ इंचांवर, म्हणजे जवळची बाजू ४० इंच लांब. ११० सीएफएमचा एक्झॉस्ट. ५२० डॉलर झाले.

पुणेरी_फेज: ते सगळं ठीक, पण गीझर कुठे बसवताय?