ईएससीमुळे चालकाची जाण बोथट होते का?

घाटवळण: ईएससी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा), आपोआप मऊ-कडक होणारं सस्पेन्शन... नव्या गाड्यांत हे सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं. पण गाडी कुठे सुटायला लागते, हे चालकाला कळेनासं झालंय, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी स्टिअरिंग हलकं पडलं की समजायचं, पुढची चाकं पकड सोडताहेत. आता ते हाताला जाणवण्याआधीच संगणक ब्रेक लावून मोकळा होतो. मग माणूस वेग आवरायला शिकणार कधी?

चौथं चाक: साफ असहमत. तुमच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच आहे. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला की ईएससी मुख्यतः वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक ब्रेक लावून धरतं. नाक बाहेर सरकू लागलं तर आतलं मागचं. चालक कितीही मुरलेला असो, त्याला एकच चाक धरता येत नाही. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत अचानक अडथळा चुकवताना मर्सिडीजची ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने सस्पेन्शन बदललं आणि सगळ्या ए-क्लासना ईएससी दिलं. तिथे चालकाच्या जाणिवेने काय केलं असतं?

घाटवळण: हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! सस्पेन्शन बदलावं लागलं, म्हणजे मुळात मांडणीत खोट होती. आधी चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा आणि सस्पेन्शन, नीट करा, मग संगणक.

ओला रस्ता: दोघांनीही टायर सोडलेत. एका टायरची जमिनीला टेकणारी जागा जेमतेम तळहाताएवढी. ईएससी नवी पकड निर्माण करत नाही, आहे ती वापरतं. त्याच वळणावर वेग दुप्पट केला तर चौपट पकड लागते. झिजलेला टायर ती आणणार कुठून? आणि घाटवळण यांचं एक म्हणणं मला पटतं. पावसात एका वळणावर माझ्या गाडीत ईएससीचा दिवा लुकलुकला. तो मला दिसलाच नाही, शेजारी बसलेल्या बहिणीने सांगितला. मी त्याच वेगात पुढे चाललो होतो.

चौथं चाक: म्हणजे त्या वळणावर गाडी रस्त्यावर राहिली ती त्याच्यामुळेच! दिवा दिसत नसेल तर सोबत आवाजही द्या, ही मागणी रास्त आहे. चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी काढताना ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं लागतं, तेही मान्य. पण अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना ईएससी सक्तीचं आहे, आणि ते काढून टाका असं मी तरी म्हणणार नाही. हाताची जाण कमवायची तर ईएससी बंद करून मोकळ्या मैदानावर सराव करा. समोरून गाड्या येत असताना नको.