मदत हवी आहे: गॅसवाहू जहाजाभोवतीचं फिरतं सुरक्षा क्षेत्र

नमस्कार मंडळी, माझी ७ मीटरची शिडाची होडी आहे आणि इंजिन अगदी लहान. ज्या अरुंद जलमार्गावर मी जातो, तिथं आता एलएनजीची, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारी जहाजं येऊ लागली आहेत. त्यांच्याभोवती तात्पुरतं सुरक्षा क्षेत्र जाहीर होतं आणि ते जहाजासोबत पुढे सरकत राहतं. खरी पंचाईत इथंच आहे. स्थिर हद्द नकाशावर आखता येते, ही कशी ओळखायची? माझ्याकडे रडार नाही, आणि मोबाइलवर जहाजाची जागा उशिरा दिसते.

२० मीटरपेक्षा लहान होडीने अशा जहाजाची वाट अडवायची नाही, हा नियम ठाऊक आहे आणि मनापासून पटतो. उणे १६२ अंशांचा तो द्रव सांडला तर त्याचा सुमारे ६०० पट वायू होतो, सुरुवातीला तो थंड आणि जड असल्याने पाण्यालगतच पसरतो. आमच्या इंजिनाची एक ठिणगीही पुरे.

भीती एकच: वारा पडला, इंजिनही बंद पडलं आणि जहाज समोरून येतंय. अशा वेळी आधी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर (संकटकाळच्या) चॅनेलवर बोलायचं की थेट बंदराच्या वाहतूक नियंत्रणाशी? नांगर टाकावा का? होडीवर मुलंही असतात, म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.