शैली शोधायची का नुसतं चित्र काढायचं?

तेलखडू
रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर जलरंग घेऊन बसले होते. एक गृहस्थ मागून वाकून म्हणाले, "छान आहे, पण यात तुमची शैली कुठाय?"

डोकंच फिरलं. दोन वर्षं मी हेच केलंय. जांभळ्या सावल्या आणि काळी जाड रेघ, ही 'माझी शैली' असं ठरवून टाकलं होतं. वीसेक चित्रं झाली आणि कागद बघितला की जांभई यायला लागली. परवा भाच्याच्या तेलखडूंनी घरचं मांजर काढलं. कान एक लहान, एक मोठा. पण जेवायला मारलेली हाक ऐकू आली नाही, असं कितीतरी दिवसांनी झालं. माझं मत: शैलीचा नाद सोडा.

बर्न्ट_सिएना
ताई, राग मानू नका, पण जांभळी सावली ही शैली नव्हतीच, तो नुसता मेकअप होता. त्यावरून शोधणंच चूक कसं? तीन रंग घ्या: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिले दोन मिसळून करडा कसा येतो बघा, काळी ट्यूब लागणार नाही. याच तिघांत तीस चित्रं करा. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापूरला परत आले आणि रंकाळा, कोटितीर्थ ही तळी पुन्हापुन्हा रंगवत राहिले. आपोआप काही येत नसतं.

गंगावेसकर
भावा, आबालाल शैली शोधायला तळ्यावर जात होते व्हय? उजेड रोज वेगळा पडतो म्हणून जात असतील! आणि बाबूराव पेंटर बघ. नाटकांचे पडदे रंगवले, मूर्ती केल्या, सिनेमाचा कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. एका चौकटीत बसवतोस कुठं त्यांना?

बर्न्ट_सिएना
बाबूराव अपवाद. अपवादावर नियम काढू नका.

मातीचा_हात
आमचं गणपतीचं काम, कुंभार गल्लीत. साचा चार घरांत एकच असला तरी डोळे बघून कळतं मूर्ती कुणाची. आमच्यात शैली म्हणत नाहीत, 'हात' म्हणतात. फक्त ताई, आनंदाचं म्हणाल तर आजोबांनी मला दोन सीझन नुसते डोळे आखायला लावले, तेपण फुटक्या मूर्तींवर. मज्जा कसली, रडू यायचं. तिसऱ्या वर्षी भुवई आपसूक वळायला लागली, तेव्हा कुठं बरं वाटलं.

तेलखडू
हे मात्र मला अडचणीत टाकणारं आहे. मी दोन वर्षांत कंटाळले, तुम्ही टिकलात. पण आजोबा "तुझा हात शोध" असं म्हणायचे का?

मातीचा_हात
छे. "बोट थरथरतंय, जा चहा पिऊन ये," एवढंच.