आईच्या पतसंस्थेतल्या ठेवी काढायच्या म्हटलं की ती रडते. काय करू?

गलाईवाल्याची लेक, सांगली

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

आमचं गाव विट्याजवळ. खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला गलाई म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. जुनं सोनं, अगदी सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा, भट्टीत गाळून त्यातून शुद्ध सोनं काढून द्यायचा हा धंदा. दुष्काळापायी आमच्याकडची माणसं या धंद्यासाठी देशभर पांगली. माझे वडील, अण्णा, 1980 साली, अठराव्या वर्षी, कोइमतूरला गेले आणि बेचाळीस वर्षं तिथंच राहिले. वर्षातून दोनदा यायचे, दिवाळीला आणि जत्रेला. दिवाळीला येताना कमरेला पैशाची पिशवी बांधलेली असायची. ती आईच्या हातात द्यायचे. आई देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पिशवी घेऊन बाहेर पडायचे. किती आले, कुठं गेले, आईनं कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

आठवीत असताना मी एकदा विचारलं, "अण्णा, ह्या वेळी किती आणलं?" आईनं पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांचं उतरलेलं तोंड मला अजून दिसतं.

आज मी 41 वर्षांची आहे. सांगलीत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, दिवसभर बिलं करते. पण घरात "किती" हा शब्द काढायचा म्हटलं की पाठीत तोच धपाटा बसतो. नवऱ्याचा पगार मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळला. 2019 च्या पुरात आमच्या भाड्याच्या घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा मी सगळ्यात आधी तूरडाळीचा डबा उचलला. त्यात त्याला न सांगता साठवलेले 23 हजार होते. का साठवले होते, कशाची भीती होती, हे मला त्याला आजही नीट सांगता येत नाही.

आता मुद्द्यावर येते. अण्णा 2022 ला तिकडेच गेले. हार्ट अटॅक. गावातल्या पतसंस्थेचे चेअरमन आमच्या भावकीतले. त्यांनी रात्रभर फोन करून अॅम्ब्युलन्स ठरवली आणि भाड्याचे 38 हजार कुणी मागायच्या आधी स्वतःच्या खिशातून दिले. तिरडीला खांदा दिला, तेराव्यापर्यंत रोज दारात हजर. अण्णांची सगळी पुंजी त्यांच्याच पतसंस्थेत आहे. आईच्या नावावर दहा पावत्या, मिळून 14 लाख. व्याज 10 टक्के. आई दरवर्षी त्या रिन्यू करते.

गेल्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातली एक पतसंस्था अडचणीत आली. आमच्या दुकानात येणारी एक म्हातारी औषधं अर्धीच न्यायला लागली, कारण तिची ठेव तिथं अडकली होती. तेव्हापासून मला झोप नाही. मी आईला म्हटलं, हे पैसे काढून सरकारी ठिकाणी ठेवू. ती रडायलाच लागली. म्हणाली, "आगं, ज्या माणसानं तुझ्या बापाला घरी आणलं, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, माझा तुझ्यावर इस्वास न्हाई म्हणून?"

यावर माझ्याकडं उत्तर नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यासमोर जाऊन हे बोलता येणार नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

निवृत्त कॅशियर, कराड

ताई, मी सहकारी बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर. तुमच्या आईसारख्या खूप जणी पाहिल्या. आधी कोरडं गणित सांगतो.

बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं, विमा संरक्षण असतं. एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत. 4 फेब्रुवारी 2020 च्या आधी ही मर्यादा फक्त 1 लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. पतसंस्थेला नाही. दारावर पाटी सारखीच दिसते, आत काउंटरही तसाच असतो, रोज दारात येऊन बचत गोळा करणारा पिग्मी एजंटही तोच गावातला पोरगा असतो. पण पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिथला पैसा कर्जदारांनी परतफेड केली तरच परत येतो. चेअरमन देवमाणूस असला तरी कर्जदार देवमाणूस असतीलच असं नाही. एवढं आईला सांगितलंत तर विश्वासाचा प्रश्न चेअरमनवरून जरा बाजूला सरकेल.

दुसरं. समजा, 14 लाखांतले 9 लाख हलवायचे ठरलं. ते 10 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 90 हजार मिळतात. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत मी 2023 ला 8.2 टक्क्यांनी भरले. त्या दराने 9 लाखांवर 73,800 होतात. फरक 16,200, म्हणजे महिन्याला 1,350. आईला विचारा, महिन्याच्या 1,350 रुपयांसाठी 9 लाख उघड्यावर ठेवायचे का? टक्के कुणाला डोळ्यांपुढं दिसत नाहीत, रुपये दिसतात.

साठ पुरी झाली असतील तर आईच्या एकटीच्या नावावर 30 लाखांपर्यंत भरता येतात. मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. वर्षाच्या आत खातं मोडलं तर दिलेलं व्याज कापून घेतात, म्हणून सगळं एकदम अडकवू नका, हाताशी काहीतरी ठेवा.

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मागा. सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा व्हावी लागते, त्यात तो मिळतो. लेखापरीक्षणाचा वर्ग बघा, चांगला अ आहे की खालचा क. थकबाकी बघा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तेच तुमचं उत्तर समजा.

एक विचारतो, रागावू नका. ते 38 हजार परत केलेत का?

माणदेशची, म्हसवड

काकांचं गणित बरोबर आहे. पण ताई, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि त्यात आईला काय पाहिजे ते मला कुठं सापडलं नाही. तुम्ही ठरवलंय पैसे कुठं न्यायचे. अण्णांनीही असंच ठरवलं होतं. पिशवी आईच्या हातात दिली ती रात्रीपुरती.

माझी आई अंगठाबहाद्दर होती, शेळ्या राखायची. आमच्या म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. तिचा परवाना आधी नाकारला होता, कारण पुढं आलेल्या बायकांत कितीतरी जणी निरक्षर होत्या. मग त्या बायका शिकायला बसल्या आणि परत गेल्या. रिझर्व्ह बँकेच्या साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. आणि दाखवलं. ही गोष्ट आमच्याकडं घरोघरी सांगतात. माझी आई ती ऐकून पन्नाशीत सही शिकली. सही आल्यावर ती पहिल्यांदा वडिलांना म्हणाली, "शेळी कितीला इकली ते मला सांगा." त्याआधी बत्तीस वर्षांत एकदा विचारलं नव्हतं.

ज्या बाईला आयुष्यभर किती ते कुणी सांगितलं नाही, तिला आता कुठं ठेवायचं हेही परस्पर सांगू नका. पावत्या घेऊन तिच्यापुढं बसा. ती वाचेल. सांगेल. तुम्ही ऐका.

माजी सैनिक, अपशिंगे

मी निवृत्तीच्या पैशातले 11 लाख महिन्याला 8 टक्के देतो म्हणणाऱ्या एकाकडं घातले होते. महिन्याला 8 म्हणजे वर्षाला 96, हे गणित मला येत नव्हतं असं नाही. पण आणणारा माझ्याच युनिटचा होता. बर्फात एका तंबूत राहिलेलो. त्याला कागद माग म्हणायची लाज वाटली. त्याचेही बुडाले. पैशापेक्षा जड गेलं ते दोन वर्षं बायकोला न सांगणं. ती रोज विचारायची, जेवण का उतरत नाही. ताई, आईशी बोला, लवकर बोला. आणि त्या डाळीच्या डब्याचंही घरात एकदा बोलून टाका.

गलाईवाल्याची लेक, सांगली (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हसवडच्या ताई, तुमचं वाचून आधी राग आला, मग रात्रभर तेच डोक्यात राहिलं. रविवारी गावाला गेले.

पावत्या मांडल्या आणि आईला म्हटलं, तूच सांग. बराच वेळ गप्प होती. मग उठली, आतल्या खोलीतली पत्र्याची ट्रंक ओढली आणि झाकण उघडून मला आतली बाजू दाखवली. पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. वरपासून खालपर्यंत, दर दिवाळीचे. 1983 – 1,850. पुढं 1984, 1985, असे अण्णांच्या शेवटच्या दिवाळीपर्यंत. आई चौथी शिकलेली. अण्णा झोपले की देवापुढची पिशवी सोडून मोजायची, लिहायची आणि परत तशीच बांधून ठेवायची. 1997 पुढं 40,000 आणि शेजारी बारीक अक्षरात "उसने". मी विचारलं होतं ते हेच वर्ष. अण्णा उसनवारी करून पिशवी भरून आले होते आणि ते आईला ठाऊक होतं. धपाटा का बसला ते मला अठ्ठावीस वर्षांनी कळलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, लिहितानाही डोळे भरलेत.

मग ती बोलली, आणि खूप बोलली. पतसंस्थेत ती पावती रिन्यू करायला जाते तेव्हा मॅनेजर खुर्ची देतो, चहा सांगतो, "काकू, सही करा" म्हणतो. तिच्या सहीशिवाय काही होत नाही अशी जगात तेवढीच एक जागा आहे. मी ती काढून घेऊन सांगलीला नेणार आणि स्वतः सगळं बघणार, ही तिची भीती होती. चेअरमनचं कारण खरं होतं, पण अर्धंच.

काकांनी सांगितलेलं 1,350 चं गणित मी घातलं. तिनं मनातच केलं आणि माझ्याआधी सांगितलं. मग म्हणाली, "आधी त्यांचं अडतीस हजार. ते डोक्यावर ठेवून मी तोंड उघडणार न्हाई."

38 हजार आम्ही 2022 लाच द्यायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी घेतले नव्हते. या वेळी आई एकटी गेली. पाकीट आणि नारळ टेबलावर ठेवला. त्यांनी नको नको म्हटलं, शेवटी घेतले. मग आईनं सांगितलं की मुदत संपेल तशा सहा पावत्या काढायच्या आहेत, 9 लाख, पोस्टात तिच्या स्वतःच्या नावावर टाकायचे आहेत, आणि तीच जाणार आहे. बाकीच्या चार राहू देत. ते म्हणाले, "तुमचेच आहेत, वहिनी." थोडं थांबून म्हणाले, पहिल्या दोन पावत्यांची मुदत गेल्याच महिन्यात संपली आहे खरी, पण महिनाभर थांबा, आत्ता ऊस तोडीच्या उचलीची, म्हणजे मजुरांना आगाऊ द्यायच्या पैशाची, कर्जं गेलीत.

आता मला परत झोप नाही. काका, महिनाभर थांबायचं का?

निवृत्त कॅशियर, कराड

थांबा म्हणाले यात लगेच वाईट समजू नका. हंगामाच्या तोंडाला आमच्याकडंही हात आखडायचा. पण तोंडी थांबू नका. आजच दोन प्रतींत अर्ज लिहा. पावती क्रमांक, रक्कम, मुदत संपल्याची तारीख घाला आणि रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा करायची तेही लिहा. सही आईची. एक प्रत त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मूळ पावत्या पैसे हातात येईपर्यंत सोडू नका, छायांकित प्रत जोडा. महिन्याच्या वर एक दिवस गेला तर तोच अर्ज घेऊन तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात जा. आणि उरलेल्या चार पावत्यांवर वारसाचं नाव लागलंय का ते बघून घ्या, बहुतेक वेळा अण्णांचंच असतं आणि कुणी बदललेलं नसतं.

गलाईवाल्याची लेक, सांगली

वारस अण्णाच होते, दहाही पावत्यांवर. आईनं अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला, दोन ओळी वाकड्या गेल्या म्हणून परत लिहिला. पोच मिळाली, आवक क्रमांक आहे. डाळीच्या डब्याचं मी नवऱ्याशी काल बोलले, तो बराच वेळ काही म्हणाला नाही, मग आत जाऊन त्याची बँकेची पुस्तकं घेऊन आला. आईनं पोच ट्रंकेत ठेवली आणि झाकणावर शेवटच्या आकड्याखाली आजची तारीख लिहिली.