पंपाची म्हणे सवय लागते!

रसिका_ठाणे : सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून दम्याच्या पंपाबद्दल (इनहेलर) फिरतंय, ‘पंप म्हणजे स्टेरॉइड. एकदा घेतला की जन्माचा चिकटला. त्यापेक्षा आलं-मध चाटा.’ खाली नमस्कारांची रांग. तिथे भांडले तर वाईट दिसेल म्हणून इथे लिहितेय. फोराकॉर्ट 200 या पंपाच्या एका पफमध्ये बुडेसोनाइड हे स्टेरॉइड 200 मायक्रोग्रॅम. आणि हीच मंडळी दम उसळला की केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडचीच गोळी, आणतात. 5 मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, तेही अंगभर! चष्म्याची सवय लागली असं कुणी म्हणतं का?

नाना_सांगलीकर : ताई, आकडे फेकून गंडवू नका. वजनाला वजन बुडेसोनाइड कितीतरी जालीम आहे. माझ्या जिभेवर पांढरा थर आला, आवाज बसला. हा अनुभव आहे, फॉरवर्ड नाही.

रसिका_ठाणे : पफनंतर चूळ भरत होतात?

नाना_सांगलीकर : कुणी सांगितलं होतं का? पाचशे रुपये फी आणि दीड मिनिटात बाहेर! आमच्या शेजारचे काका तर महिनाभर रोटाकॅप, यंत्रातून ओढायची पावडरची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळत होते. यंत्र कपाटात. वर म्हणायचे, ‘गुण नाही.’

छातीतज्ज्ञ : नानांचा ताकदीचा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने कबूल. पण ते औषध श्वासनळीतच काम करतं, रक्तात फार कमी जातं. खरा धोका निळ्या पंपावर (साल्ब्युटामॉल, तात्पुरता आराम देणारा) दिवस काढण्यात आहे. त्याने नळी उघडते, आतली सूज तशीच. म्हणून 2019 पासून ‘जीना’ ही दम्याच्या उपचारांची जागतिक संस्था दम्यात तो एकटा देऊ नका म्हणते. फोराकॉर्टमध्ये स्टेरॉइडच्या जोडीला नळी उघडणारं फॉर्मोटेरॉल असतं. ते काही मिनिटांत लागू पडतं, त्यामुळे तो जोडपंप रोजच्यालाही चालतो आणि दम लागल्यावरही. साल्मेटेरॉलवाला तसा वापरू नये, तो सावकाश. आणि रसिकाताई, सीओपीडीला, म्हणजे धुराने नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराला, हाच नियम लावू नका. तिथे स्टेरॉइडने न्यूमोनियाचा धोका वाढतो. आधी नळ्या रुंद करणारी दोन लांब पल्ल्याची औषधं, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 300 च्या वर असतील तर स्टेरॉइडचा विचार.

रसिका_ठाणे : आईला सीओपीडीच आहे. विडीला कधी हात लावला नाही, चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. तिला जोडपंपच दिलाय. विचारते आता डॉक्टरांना.

छातीतज्ज्ञ : विचारा, पण मनाने बंद करू नका.

पार्लेकर_७२ : सगळं बोलून झालं, खरा आरोपी मोकळाच. कबुतरं! सासूबाईंना दोन वर्षं दमा म्हणून पंप चालू होता. छातीचा एचआरसीटी स्कॅन केल्यावर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे पाखरांच्या विष्ठा-पिसांच्या ॲलर्जीने फुप्फुसाला सूज. एसीच्या युनिटवर पिढ्यान् पिढ्या बाळंतपणं चालली होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा मी पेढे वाटले.

मुके_जीव : लाज वाटायला हवी. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ दिसत नाही? पाखरं गरीब, म्हणून त्यांच्यावर शौर्य!

पार्लेकर_७२ : बांधकाम माझ्या तुळशीच्या कुंडीत अंडी घालत नाही.

मुके_जीव : आमचे आजोबा रोज दाणे टाकायचे. पंच्याऐंशी वर्षं जगले.

पार्लेकर_७२ : आमचे आजोबा रोज वीस विड्या ओढून नव्वदला गेले. आता विड्या वाटायच्या?

मुके_जीव : तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

पार्लेकर_७२ : मग दाणे स्वतःच्या दिवाणखान्यात टाका, तिथे परंपरा चालू ठेवा!

रसिका_ठाणे : अहो, धागा पंपाचा आहे!!

छातीतज्ज्ञ : पंप घेऊनही दम हटत नसेल तर घरात, खिडकीत काय आहे हे आम्ही विचारायला हवं. बरेचदा विचारत नाही. पार्लेकरांना एवढा गुण दिला.

नाना_सांगलीकर : ठीक आहे, चूळ भरून बघतो महिनाभर. आलं-मध सोडणार नाही.

छातीतज्ज्ञ : चाटा की. पंप चुकवू नका म्हणजे झालं.

डोंबिवली_फास्ट_लेन : अवांतर : बाल्कनीला जाळी सध्या काय फुटाने बसते?

पार्लेकर_७२ : व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.