मे महिन्यातले चार रविवार, दोन मुलं आणि एक आजी : पुण्याजवळ सावलीची ठिकाणं सुचवा

नमस्कार मंडळी. शीर्षकात सगळं आलंच आहे, तरी जरा पाल्हाळ लावते. नाहीतर तुम्ही सगळे मिळून मला महाबळेश्वरच सुचवाल.

आम्ही कात्रजच्या बाजूला राहतो. लेक नऊ वर्षांची, मुलगा नुकताच पाच पूर्ण. साबा (सासूबाई) अडुसष्टच्या. उजवा गुडघा कुरकुरतो, पण "तुम्ही घरी आराम करा" म्हटलं की दोन दिवस अबोला. नवऱ्याला फक्त रविवारची सुट्टी. गाडी जुनी आहे, चढावर एसी लावला की तिला धाप लागते.

एप्रिलअखेरीस एका कृषी पर्यटन केंद्रात जाऊन आलो. नाव लिहीत नाही. माणशी हजाराच्या वर घेतले. बैलगाडीची फेरी म्हणजे पार्किंगला एक वळसा. मग रेन डान्स म्हणून पत्र्याखाली गळके फवारे आणि छाती हादरेल अशी गाणी. साबा कानांवर पदर घेऊन खुर्चीत बसून होत्या. चिरंजीव गायब. शोधलं तर टाकीमागच्या गळक्या नळाखाली उकिडवे बसलेले. चिखलाचं धरण बांधलं होतं, एका बाजूला काडीने सांडवा उकरला होता आणि कडुनिंबाची पानं एकेक करून सोडत होते. जेवायला अक्षरशः उचलून न्यावं लागलं. परतताना गाडीत विचारलं, "काय आवडलं रे?" तर म्हणाला, "नळ."

त्या दिवसापासून नवऱ्याचं आणि माझं एकमत आहे (वर्षातून एखादंच होतं) की आता तिकीट काढून मजा करायची नाही. सकाळी सहाला निघायचं, ऊन चढायच्या आत मोठ्या झाडाखाली सतरंजी टाकायची, घरचा डबा खायचा, मुलांनी मातीत लोळायचं, साबांनी वाती वळायच्या किंवा पडायचं. दीड तासाच्या आतलं ठिकाण हवं. चढ नको. आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह हवं, निदान वाटेवर तरी. सहलींच्या लेखांमध्ये सूर्यास्ताचं वर्णन दोन परिच्छेद असतं, पण ही गोष्ट कुणी लिहीत नाही. कृपया तुम्ही लिहा.

माझ्या डोक्यात आहे ते असं: सिंहगड (पण मे महिन्यात? साबांना?), पानशेतच्या पाण्याकाठी कुठेतरी, आणि शेवटच्या रविवारी काजवे. लेकीने शाळेत काजव्यांवर निबंध लिहिलाय, एकही काजवा न बघता. पाच वर्षांच्या मुलाला आणि आजींना घेऊन काजवे बघायला जाणं शहाणपणाचं आहे का?

आगाऊ धन्यवाद.

सातारा रोडवाला :
ताई, कात्रजला राहता आणि बनेश्वर सुचलं नाही? नसरापूर फाट्याला आत वळायचं. पेशवेकालीन शंकराचं देऊळ आहे, कुंडात मासे आणि कासवं. तुमचा धरणवाला तिथून हलणार नाही याची हमी. देवळामागे वनखात्याचं उद्यान आहे, बसायला झाडं भरपूर. धबधबा मात्र मे महिन्यात कोरडा, त्याची आशा मुलांना दाखवू नका. आठला पोहोचा, दहानंतर गर्दी होते. स्वच्छतागृहाचं म्हणाल, तर महामार्ग सोडण्याआधी एखाद्या बऱ्या हॉटेलात चहा घ्या आणि काम उरका. आमची ही तेच करते.

पिठलंभाकरी :
सिंहगड मे महिन्यातही होतो, फक्त वेळ चुकवू नका. आतकरवाडीतून चढायचं नाही, गाडीने वर जायचं. वाहनतळापासून पुणे दरवाज्यापर्यंत पायऱ्या आहेत. साबांना तेवढ्या झेपतील का ते तुम्ही ठरवा, नाहीतर त्या खालीच भाकरीवालीशी गप्पा मारत बसतील. मडक्यातलं दही खाऊन नऊला उतरायला लागा. दहा वाजता घाटात वर येणाऱ्या गाड्यांची रांग असते आणि तुमच्या गाडीची धाप तिथे कायमची थांबेल.

डोंगरवाट :
पानशेतबद्दल जरा कडक लिहितो, राग मानू नका. मे महिन्यात धरणाचं पाणी आत सरकतं आणि मध्ये गाळ उघडा पडतो. वरून सुकून तडकलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रुततो. पुढे उतार कुठे एकदम खोल होईल हे कळत नाही. दर उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यात पोहता येणारेही असतात. पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तिथे नेऊच नका.

दुसरं, किल्ला असो वा लेणी, कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं की तिथे थांबायचं नाही. अत्तर, सेंट घरी ठेवा. चूल-शेकोटीचा धूर तर मुळीच नको.

आता काजवे. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी ही नावं तुम्ही ऐकली असतील. रोहिणी नक्षत्र लागलं की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, पाऊस येईपर्यंत चांगले दिवस. पण शनिवार-रविवारी तिकडे गाड्यांची जत्रा असते. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. त्यात आपण हेडलाइट मारले की ती साद बुजते. झाडाखाली पन्नास जण मोबाईलचा दिवा लावून "कुठायत, कुठायत" करत उभे असतात. पुण्याहून भंडारदरा चार तास तरी, परतीला मध्यरात्र. आजी आणि पाच वर्षांचा मुलगा? मी तरी नाही नेणार. फक्त लेकीला घेऊन मधल्या वारी जा, एक रात्र मुक्काम करा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा आणि बाटलीत काजवे भरायचे नाहीत हे आधीच बजावून ठेवा.

दुपारची झोप :
भुलेश्वर! सोलापूर रस्त्याने यवतकडून वर. गाडी पार देवळापर्यंत जाते. बाहेर चटका बसतो आणि आत काळ्या दगडात माठातल्यासारखा गारवा. आत जाताना अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या आहेत, तेवढा साबांना हात द्या. स्त्रीरूपातला गणपती कोरलाय, तो शोधायला मुलांना सोडा, अर्धा तास निवांत मिळतो. फरशी तापते, मोजे न्या. बाहेर झाडं फार नाहीत, म्हणून डबा उतरल्यावर खा.

दीड तासाची अट जरा ताणलीत तर वाईजवळ मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, मोठी झाडं. वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, साबांनी वरच बसावं.

उन्हाळी वेडी :
एक रविवार घरच्या गच्चीवर काढा, खरंच सांगते. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबारापासून स्टीलचा पेला उपडा घालून ठेवायचा. एकतीसच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पेल्याची सावली पेल्याखालीच जाते. आम्ही दरवर्षी पेला, लाटणं, खलबत्त्यातला दस्ता असं सगळं रांगेत उभं करतो. वरचे लोक म्हणतात वेड लागलंय. दहा मिनिटांचं काम आहे, टोप्या घाला, मग खाली पन्हं. स्वच्छतागृह जवळच.

धागाकर्ती (आठ दिवसांनी) :
सगळ्यांचे आभार, विशेषतः पानशेतबद्दल कानउघाडणी केल्याबद्दल. ते रद्द. काजव्यांना लेक आणि तिचा बाबा जातील, मधल्या वारी रजा टाकून. निबंधाची दुरुस्ती करायची म्हणते.

काल बनेश्वर झालं. कासव तीनदाच वर आलं, पण मुलगा पाऊण तास कठड्यावर पोटावर पडून होता. खरी मजा परतीच्या वाटेवर. फाट्याजवळ एक मावशी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. साबा गाडी थांबायच्या आत दार उघडायला लागल्या. मग झाडाखाली सतरंजी, आणि "कोंबडा की कोंबडी?" मुलांना माहीतच नव्हतं! करवंद चावायच्या आधी सांगायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट तर कोंबडी. साबांनी अकरापैकी नऊ बरोबर ओळखली. मी विचारलं कसं, तर म्हणे, "तुम्हाला नाही सांगणार." माहेरच्या डोंगरातलं काहीतरी गुपित आहे. गुडघ्याचं नाव दिवसभर काढलं नाही. आज सकाळी काढलं.

पुढच्या रविवारी भुलेश्वर, आणि १३ तारखेला गच्ची. एक नवा प्रश्न मात्र उभा राहिलाय. लेकीच्या पिवळ्या फ्रॉकवर करवंदाचा चीक आणि लाल रस दोन्ही वाळलेत. साबण लावला तर डाग जांभळा झाला. कुणाला काही खात्रीचा उपाय माहीत आहे का? फ्रॉक आत्याने दिलेला आहे आणि आत्या शुक्रवारी येत्येय.