पेठांचं पाणी

पुण्याच्या जुन्या वाड्यांवरच्या या चर्चेत त्यांचे चौसोपी चौक, सागवानी खांब, दिंडी दरवाजे यांवर छान लिहिलंय सगळ्यांनी. पण पुण्याच्या पेठांमध्ये वस्ती वाढली ती पाण्यामुळेही, ते राहून गेलं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, निव्वळ उतार! वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळावर हवा सोडणारी बांधकामं, उभारले; त्यांतून हवा बाहेर पडे, गाळ तळाशी बसे. पेठांमधले बरेच सार्वजनिक हौद याच नळावर भरत. काळा हौद त्यांतलाच. वाडे जपायचेच, पण हे उच्छ्वासही वारसा म्हणून जपायला हवेत. रस्ता रुंद करताना आधी त्यांच्यावरच घाव पडतो.